एकतिसावं नाव

हिल्डिंग ब्यॉर्कनेसला यादीसाठी एक नाव कमी पडत होतं, आणि त्या एका नावापायी त्याने फेब्रुवारीचे तीन आठवडे माझं डोकं खाल्लं.

ग्रानशेरच्या पालिकेत एकवीस जागा. पक्षाला उमेदवार एकतीस देता येतात. आमचे तीस झाले होते. "गुनेवी, यादी गच्च भरलेली दिसली पाहिजे," तो म्हणायचा. "तीस नावं म्हणजे हसताना दात पडलेला दिसावा तसं." निवडून यायला सतराच यायचे, गेल्या वेळी आणि त्याच्या आधीच्या वेळीही तेवढेच आले होते. पण हिल्डिंगला दात पूर्ण हवे होते.

मी पक्षाच्या इथल्या शाखेची चिटणीस. सव्वीस वर्षं. पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाले, चिटणीसपद मात्र सुटलं नाही, कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. आणि हिल्डिंग अध्यक्ष. त्याचा बाप अध्यक्ष होता, बापाचा बापही. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला तरी गावही शाळाच, असा त्याचा समज कायम राहिला. तरुणपणी हेलसिंकीला शिकायला गेला तो शुद्ध स्वीडिश घेऊन परत आला. त्यानंतर आमची गावची बोली त्याच्या तोंडून कोणी ऐकली नाही, घरात नाही, बोटीवर नाही, दारू चढल्यावरसुद्धा नाही.

देशात आम्ही स्वीडिश बोलणारे शंभरात पाच, बाकी सगळा देश फिनिश बोलतो. ग्रानशेरमध्ये शंभरात नव्वद. म्हणजे गावात सत्ता आमची, शाळा आमची, चर्च आमचं, आणि तरी दर बैठकीत रडगाणं एकच: आपल्यावर अन्याय होतो. शहरातल्या इस्पितळात एका पाटीवर स्वीडिश अक्षरं फिनिश अक्षरांपेक्षा दोन सेंटिमीटर लहान होती. आम्ही त्यासाठी चार वर्षं पत्रव्यवहार केला. सगळी पत्रं मीच टाइप केली. पाटी बदलली त्या दिवशी आमच्याकडे समारंभाला असतो तो सँडविचचा केक मागवला होता. त्याच चार वर्षांत गावचा दवाखाना आठवड्यातून पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आला, त्यावर बैठकीत विषय निघाला तो एकदाच, आणि 'इतर' या सदरात.

तर एकतिसावं नाव. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं होतं की यादीत बाहेरून आलेल्या नव्या नागरिकांनाही स्थान द्यावं. हिल्डिंगने ते दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"ती वृद्धाश्रमातली मुलगी. लिएन. एका दगडात दोन पक्षी."

मुलगी म्हणजे चौतीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई. लिएन फाम सहा वर्षांची असताना व्हिएतनामहून आईबापांबरोबर आली. तेव्हा बऱ्याच कुटुंबांना इथे वसवलं, आणि तिचेही आईबाप टोमॅटोच्या काचघरांत कामाला लागले. ही पोर आईबाप कामावर गेले की शेजारच्या एल्वीबाईंकडे असायची. एल्वी ब्यॉर्कनेस, म्हणजे हिल्डिंगची आई. एल्वीबाईंना शुद्धबिद्ध काही येत नव्हतं. त्यांनी पोरीला मासे साफ करायला शिकवलं, विणायला शिकवलं, आणि आमची ती समुद्राकाठची बोली शिकवली, जी ऐकून स्टॉकहोमचा माणूस हात टेकतो. लिएन जशी बोलते तशी आता गावात साठीच्या खालचं कोणी बोलत नाही.

मीच तिला विचारायला गेले. वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी ती चादरींची गाडी ढकलत होती.

"मावशी, मला राजकारनातलं काय कळतंय?" ती म्हणाली. पोस्टाच्या खिडकीशी पाकिटं घ्यायला यायची तेव्हापासून मी तिची मावशी. "पर एक सांगा. सकाळपाळीला आमी दोघीच असतो, वीस म्हाताऱ्यांना. ते बदलाया येईल का निवडून आल्यावर?"

"येईल," मी म्हणाले. खरं तर मला वाटलं, निवडून तू कुठली येतेस.

"मग लिवा नाव."

पत्रकासाठी फोटो काढायचा ठरला. हिल्डिंगने निरोप पाठवला की लिएनने तिचा 'तो पारंपरिक पोशाख' घालून यावं, म्हणजे चित्र रंगीत दिसेल. लिएन आली ती आमच्या ग्रानशेरचा पोशाख घालून. उभ्या पट्ट्यांचा लोकरी घागरा, लाल जाकीट, पांढरी टोपी, कमरेला विणलेला पट्टा. एल्वीबाईंबरोबर बसून तिने तो स्वतः शिवला होता, दोन हिवाळे लागले होते. आम्ही बाकी तीसजण कोटात आणि स्वेटरात. हिल्डिंगचा स्वतःचा गावपोशाख पोटामुळे वीस वर्षं कपाटात पडलेला.

"अगं, मला म्हणायचं होतं... तुमच्याकडचा," तो म्हणाला.

"ह्यो माझ्याकडलाच हाय, मास्तर," लिएन म्हणाली. ती त्याच्या शाळेत शिकलेली, म्हणून मास्तर. "दुसरा कुठला असनार?"

फोटोवाल्याने तिला मधे उभं केलं. हिल्डिंग काठाला गेला.

निवडणूक एप्रिलमध्ये झाली, खाडीत बर्फ अजून तरंगत होतं. निकाल मला दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कळला. टोमॅटोवाला बर्टेल हॅगडाल दुधाच्या फ्रीजपाशी उभा राहून मोठ्याने पेपर वाचत होता. तो आमच्याच पक्षाचा, वीस वर्षांचा नगरसेवक, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नाही.

"लिएन फाम, तीनशे अठरा! हिल्डिंग ब्यॉर्कनेस, एकशे एक्केचाळीस! गुनेवी, तू त्रेसष्ट. आलीस कशीबशी."

मला पहिल्यांदा वाटलं की छापण्यात चूक आहे. मग मी घरी चालत जाता जाता मोजायला लागले. कोणाची आई, कोणाचा बाप, कोणाची सासू. गावातल्या निम्म्या घरांची म्हातारी माणसं लिएनच्या हातून जेवत होती. ती निम्मी घरं गुपचूप मतदानाला गेली होती आणि मतपत्रिकेवर तिचा उमेदवारीचा नंबर लिहून आली होती. एवढी साधी गोष्ट सव्वीस वर्षं राजकारण करणाऱ्या आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

आता घोळ असा, की ग्रानशेरमध्ये ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो पालिकेचा अध्यक्ष. नियम नाही, प्रघात. हिल्डिंगच्या आजोबांनी तो पाडला, कारण तेव्हा जास्त मतं त्यांना पडायची. पुढे बापाला पडायची, मग ह्याला. आजवर कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये एकाएकी दिसलं.

दहा दिवस हिल्डिंग घरोघर फिरला. माझ्याकडेही आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून दालचिनीचे दोन बन खाल्ले आणि म्हणाला, "मला काही नको, गुनेवी. माझं वय झालं. पण विचार कर, जे आपल्या पूर्वजांनी जपलं ते आपल्यातल्या कोणाच्या तरी हातात नको का?"

"लिएन आपल्यातली नाही?" मी विचारलं.

"आहे ना! अगदी आहे!" तो म्हणाला. "पण तुला कळतंय मी काय म्हणतो ते."

मला कळत होतं. तोच तर माझा दोष.

पालिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचं नाव ठरवायला निवडून आलेल्या सतरा जणांची बैठक मेमध्ये युवक मंडळाच्या सभागृहात झाली, शनिवारी दुपारी. भिंतीवर हिल्डिंगचा बाप आणि आजा तसबिरींतून बघत होते. लिएन कामावरून थेट आली होती, छातीशी कामावरचं घड्याळ अडकवलेलंच होतं. ती मागच्या रांगेत बसली.

हिल्डिंगने चष्मा काढला, पुसला, घातला.

"लिएनबद्दल माझ्या मनात अतीव आदर आहे. माझ्या आईची ती किती सेवा करते ते मीच जाणतो. परंतु अध्यक्षाला मंत्र्यांना भेटावं लागतं, स्टॉकहोमहून शिष्टमंडळं येतात. तिथे भाषा निर्दोष हवी. आपण भाषेचा पक्ष आहोत. प्रश्न केवळ आणि केवळ भाषेचा आहे."

"म्हंजी तिचं स्वीडिश दोषी?" बर्टेल म्हणाला.

"बोली आहे ती, बर्टेल."

"आन मी आत्ता काय बोलतोय? चिनी?"

"तू अध्यक्षपदाला उभा नाहीस."

"नशीब तुझं!"

काहीजण हसले. लिएन उभी राहिली. ती हसली नव्हती.

"मास्तर, ही बोली मला तुमच्या आईनं शिकीवली. शाळंत माझ्या निबंधावर तुमी लाल रेघा मारायचा, त्या बी मी एकेक करून सुधारल्या." मग पुढचं बोलली ते अशा शुद्ध स्वीडिशमध्ये, की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटलं. "मला दोन्ही येतात, मुख्याध्यापक महोदय. परंतु गावात बोलताना मी गावाची भाषा वापरते. ज्यांच्यासाठी बोलायचं, त्यांना समजलं पाहिजे, असं मला वाटतं."

हिल्डिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत त्याला इतकं निर्दोष वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं.

"छान," तो म्हणाला. "फारच छान. पण अर्थात प्रश्न केवळ भाषेचा नाही. अनुभवाचाही आहे."

दोन मिनिटांपूर्वी प्रश्न केवळ आणि केवळ भाषेचा होता. ते मी वहीत लिहिलं होतं, शाई वाळली नव्हती. मी मान वर करून म्हणू शकले असते, "हिल्डिंग, मघाशी तू असं म्हणालास." चिटणीसाचं कामच ते. मी पुढच्या ओळीवर लिहिलं: अनुभवाचाही.

गुप्त मतदान झालं. चिठ्ठ्यांवर नाव लिहायचं, टोपीत टाकायचं. आणि मोजायला कोणाला सांगितलं? तिलाच. "सगळ्यांत नवीन सदस्याने मोजायची पद्धत आहे," हिल्डिंग म्हणाला. अशी पद्धत मी तरी कधी ऐकली नव्हती.

लिएनने एकेक चिठ्ठी उघडून वाचली. हिल्डिंग. लिएन. लिएन. हिल्डिंग. आवाज एकसारखा, औषधांच्या वेळा वाचाव्या तसा. एका चिठ्ठीवर तिची नजर जरा जास्त वेळ राहिली. मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं, "हिल्डिंग." लहानपणापासून माझ्या हातच्या पावत्या तिने घेतल्या होत्या. माझं अक्षर तिला ओळखू येणारच होतं, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात चिठ्ठी टोपीत पडल्यावर आली.

नऊ विरुद्ध आठ.

मला कोणी विकत घेतलं नाही, धमकावलं नाही. बन मीच त्याला खाऊ घातले. मी त्याच्याबरोबर एका वर्गात शिकले, त्याच्या बापाच्या हातून पहिलं सदस्यत्वाचं कार्ड घेतलं, आणि पेन हातात आल्यावर हाताने सवयीचं नाव लिहिलं. याहून मोठं कारण असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

जूनमध्ये पालिकेची पहिली सभा झाली, तेव्हा विरोधकांच्या चौघांनी लिएनला निरोप धाडला: आम्ही तुला मत देतो, तुझे आठ मिळव, हिल्डिंग पडतो. तिने नको म्हटलं. "माझ्याच माणसांनी नको म्हनलं, तर दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वर कशाला जाऊ?" हिल्डिंग अध्यक्ष झाला. लिएनला उद्यान समितीत घेतलं. ग्रानशेरमध्ये एकच उद्यान आहे आणि त्यात दोन बाकडी आहेत.

सकाळपाळीच्या माणसांचा विषय तिने लगेच मांडला. हिल्डिंग म्हणाला, आधी सर्वेक्षण करू. ऑगस्टमध्ये पुन्हा मांडला, तेव्हा सर्वेक्षणाच्या नमुन्यात दोन भाषांपैकी कोणती वर छापायची यावर दीड तास गेला.

सप्टेंबरात ती माझ्या दारात उभी राहिली. उमेओला, समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये, इस्पितळात जागा मिळाली होती. नवऱ्यालाही काम होतं. वासा बंदराहून बोटीने चार तास.

"राग धरून चाललीस?" मी विचारलं.

"न्हाई म्हनले तर खोटं व्हईल. पर रागानं कोन घर हलवतं, मावशी? तिकडं एका पाळीला पाच जनी असत्यात."

मी चिठ्ठीचं बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. मी वाचली. तुमी लिवली. झालं." आणि मग जाता जाता म्हणाली, "एल्वीआज्जीला लापशीत मीठ घालून देत्यात, ती खात न्हाई. साखर लागती. तेवढं नव्या बाईला सांगा."

पण नव्या बाईला मी सांगणार कुठल्या भाषेत? लिएनच्या जागी गावातून कोणी अर्ज केला नाही. आमच्या पोरीबाळी सगळ्या हेलसिंकीला किंवा स्वीडनला. एजन्सीने माणसं पाठवली ती फिनिश बोलणारी, तीही दर पंधरा दिवसांनी बदलणारी. बिचाऱ्या चांगल्या होत्या, धावपळ करायच्या. पण विसरायला लागलेल्या एल्वीबाईंसारख्यांची शेवटी शिकलेली भाषा आधी जाते, म्हणजे फिनिश. पाणी मागितलं तर उशी यायची. बर्टेलचा सासरा दोन दिवस 'खिडकी लावा' म्हणून ओरडत होता आणि त्याला गोळ्या दिल्या.

सहा नोव्हेंबरला स्वीडिश दिन. हिल्डिंगने गळ्यात अध्यक्षपदाची साखळी घालून भाषण केलं. बहुसंख्य लोक अल्पसंख्यांचा आवाज कसा हळूच दाबतात, बोलतात गोड आणि मत देताना कसे पाठ फिरवतात. आवाज कापरा झाला होता त्याचा, आणि तो नाटक करत नव्हता. हेच तर भयंकर. पहिल्या रांगेत बायका डोळे टिपत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. दोनदा वाजवल्यावर हात थांबले.

जानेवारीच्या बैठकीत पहिलाच विषय: वृद्धाश्रमात मातृभाषेत सेवा मिळत नाही, सबब वरिष्ठांकडे तक्रार. हिल्डिंग उभा राहून मला मजकूर सांगायला लागला.

"लिही, गुनेवी. आमच्या वृद्धांना त्यांच्या आयुष्याच्या संध्याकाळी त्यांची भाषा बोलणारं एकही माणूस उपलब्ध करून दिलं जात नाही. ही उपेक्षा..."

"एक होतं," मी म्हणाले.

"काय?"

"एक माणूस होतं. आपण त्याला उद्यान समितीत घातलं."

बर्टेलने टेबलावर हात आपटला. "बोल, बाई, बोल!"

"गुनेवी, आपण विषयाला धरून..."

"नववं मत माझं होतं, हिल्डिंग. मी तुझं नाव लिहिलं. ही तक्रार पाठवायची तर तीही आपल्याच पत्त्यावर पाठवावी लागेल, आणि उत्तर मलाच टाइप करावं लागेल."

त्याला लाज वाटेल, राग येईल, निदान तोंड फिरवेल असं मला वाटलं होतं. तो कळवळून म्हणाला, "अगं, मतदान गुप्त होतं. असं सांगायचं नसतं. इतिवृत्तात हे येणार नाही, याची काळजी घे." आणि चष्मा पुसून पुढे, "विषय दोन. ऑगस्टातली खेकड्यांची मेजवानी. यंदा तिथे म्हणायच्या गाण्यांची पुस्तिका नव्याने छापायची का?"

पुस्तिकेवर चर्चा सुरू झाली. मी वही मिटून बर्टेलपुढे सरकवली, कोट घातला आणि निघाले. तक्रार शेवटी दुसऱ्या कोणीतरी लिहिली. तिच्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, हे मला हिल्डिंगनेच फोन करून सांगितलं.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी वृद्धाश्रमात जाते. नर्स मी नाही, फक्त बसते, म्हाताऱ्या काय म्हणतात ते फिनिशमध्ये त्या पोरींना सांगते. माझं फिनिश पोस्टातलं, पावत्या-पाकिटांपुरतं, पण साखर आणि खिडकी त्यात बसते. लिएनचं काम हे नव्हे. तिच्या कामाचा हा दहावा हिस्साही नव्हे.

परवा शुक्रवारी हिल्डिंग आईला भेटायला आला. कोट नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि आपल्या त्या निर्दोष भाषेत म्हणाला, "प्रिय आई, आज तुझी प्रकृती कशी आहे?"

एल्वीबाईंनी त्याच्याकडे खालीवर पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ह्यो भला मानूस फिनी हाय का गं? काय बोलतोय काय म्हाईत."

हिल्डिंगचे ओठ हलले. एक शब्द, आमच्या बोलीतला, लहान पोरं आईला हाक मारतात तो, त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आला असावा. मी वाट पाहिली. खरोखर पाहिली.

"तिला आज जरा गोंधळल्यासारखं वाटतंय," तो मला म्हणाला, कोट उचलला, आणि चार वाजताच्या बैठकीला गेला.

मी साखर घातलेल्या लापशीचा वाडगा घेतला. एल्वीबाईंनी दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला तोंड मिटलं, आणि लिएन ज्या दारातून यायची त्या दाराकडे बघत राहिल्या.